पहिल्या यशानंतरची दुसरी कृती : रॉक संगीतातील 'दुसरा ध्वनिसंग्रह' आणि मराठी संगीत रंगभूमी

प्रस्तावना :

पाश्चात्त्य संगीतविश्वात 'डिफिकल्ट सेकंड अल्बम', म्हणजे 'अवघड दुसरा संग्रह', असा एक वाक्प्रचार रूढ आहे. एखाद्या रॉक बँडचा पहिलाच ध्वनिसंग्रह अमाप खपतो, बँडचे नाव घराघरांत पोहोचते आणि मग दुसऱ्या संग्रहाच्या वेळी सारे काही अडते. कधी तो वर्षानुवर्षे येतच नाही, कधी घाईने येतो आणि फिका ठरतो, तर कधी चांगला असूनही पहिल्याच्या सावलीत झाकला जातो. अमेरिकेत याच अवस्थेला 'सोफोमोर स्लम्प' म्हणतात. 'सोफोमोर' म्हणजे महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. प्रथम वर्षात चमकलेला विद्यार्थी द्वितीय वर्षात मागे पडतो, या अध्यापकवर्गाच्या निरीक्षणातून निघालेली संज्ञा संगीत, क्रीडा व साहित्य या क्षेत्रांत स्थिरावली आहे. त्यामुळे वरवर पाहता आपल्यापासून दूर वाटणारा हा विषय अध्यापकांच्या नित्याच्या अनुभवाला येऊन भिडतो.

रॉक बँड म्हणजे गायक, विद्युत गिटार वाजविणारे एक-दोघे, बेस गिटारवादक आणि ड्रमवादक अशी चार-पाच जणांची मंडळी. चित्रपटसंगीतात कवी, संगीतकार, गायक व वादक हे निरनिराळे असतात. येथे तीच मंडळी बहुधा गाणी लिहितात, चाली बांधतात आणि सादरही करतात. अल्बम म्हणजे एका वेळी प्रकाशित होणारा आठ ते बारा गाण्यांचा संग्रह. तो पूर्वी तबकडीच्या रूपात येई, पुढे कॅसेट आणि सीडी आली व आता तो संगणकीय माध्यमातून येतो. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'ध्वनिसंग्रह' हा शब्द योजला आहे. दुसरा संग्रह अवघड का होतो, यामागची कारणे समजून घेणे आणि मुंबईचा 'रॉक मशीन' हा बँड व पुण्याची किर्लोस्कर नाटक मंडळी यांच्या उदाहरणांवरून ती तपासून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अडचण कोठून येते?

पहिले कारण अगदी साधे आहे. पहिल्या संग्रहाच्या मागे कलावंताचे सारे आयुष्य उभे असते. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून सुचलेल्या, मित्रांना ऐकवलेल्या, लहानसहान कार्यक्रमांतून घासूनपुसून निघालेल्या गाण्यांतील निवडक दहा गाणी त्यात येतात. दुसऱ्या संग्रहासाठी मात्र वर्ष-दीड वर्ष मिळते आणि त्यातलेही बरेचसे दिवस दौरे, मुलाखती व प्रवासात जातात. पूर्वी ज्या जीवनातून गाणी सुचत होती ते जीवनच आता उरलेले नसते.

अमेरिकेतील 'बोस्टन' या बँडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. टॉम शोल्झ हा या बँडचा सूत्रधार. पोलरॉइड कंपनीत तो अभियंता होता. नोकरी सांभाळून घराच्या तळघरात त्याने वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रणाचे प्रयोग केले. १९७६ मध्ये आलेल्या पहिल्या संग्रहाच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रती खपल्याची नोंद आहे. दुसरा संग्रह १९७८ मध्ये आला. तो यादीत प्रथम क्रमांकावर गेला आणि अमेरिकेत त्याच्या सुमारे ७० लाख प्रती खपल्या. तरीही संग्रह आपल्या मनासारखा झालेला नसताना कंपनीच्या दबावामुळे तो बाहेर आला, अशी तक्रार शोल्झने पुढे सातत्याने केली. तिसऱ्या संग्रहासाठी त्याने आठ वर्षे घेतली, कंपनीशी न्यायालयीन लढा दिला आणि तो संग्रह १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. सत्तर लाख प्रती खपलेली कृती जेथे उणी ठरते, तेथे तुलनेची पट्टीच बदललेली असते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

दुसरे कारण आर्थिक आहे आणि ते बीड जिल्ह्यातील वाचकाला समजावून सांगण्यास फार शब्द खर्च करावे लागणार नाहीत. ध्वनिमुद्रण कंपनी बँडला आरंभी जी रक्कम देते ती बक्षीस नसते, ती उचल असते. ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि चित्रफितीच्या खर्चाचा काही वा सर्व भाग, कित्येकदा दौऱ्यासाठी दिलेले साहाय्यही, बँडच्या खात्यावर मांडले जाते. विक्रीतून बँडच्या वाट्याला येणाऱ्या मानधनातून ही सारी रक्कम फिटेपर्यंत हाती काही पडत नाही. एका संग्रहावरची बाकी पुढच्या संग्रहाच्या खात्यावर ओढण्याची तरतूदही अनेक करारांत असते. गेवराई तालुक्यातील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतो आणि हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधला जातो. हिशेबाची रीत तीच. साम्य अर्थातच हिशेबापुरते आहे. एका बाजूला पोटाची वणवण आहे आणि दुसऱ्या बाजूला कीर्ती. त्यांची बरोबरी करण्याचा येथे उद्देश नाही. मात्र दुसरा संग्रह ठरल्या वेळी द्यावाच लागतो, ही सक्ती कोठून येते हे यावरून उमगते.

हा करारच मोडू पाहणाऱ्यांचेही एक उदाहरण आहे. मँचेस्टरच्या 'द स्टोन रोझेस' या बँडचा पहिला संग्रह १९८९ मध्ये आला आणि तो इंग्लंडमधील एका पिढीचा संग्रह ठरला. त्यानंतर बँडने जुन्या कंपनीच्या जाचक कराराविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९९१ मध्ये निकाल बँडच्या बाजूने लागला आणि एका मोठ्या अमेरिकन कंपनीशी नवा करार झाला. आता उसंत होती, पैसाही होता. तरी दुसरा संग्रह यायला १९९४ चा डिसेंबर उजाडला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत बँड विसर्जित झाला. म्हणजे सक्ती नसली की कृती आपोआप साधते, असेही नाही.

सरासरीकडे परतणे :

तिसरे कारण संख्याशास्त्रीय आहे. माझ्या मते ते सर्वाधिक महत्त्वाचे आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ मध्ये आई-वडील व मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आई-वडिलांची मुले सामान्यतः उंचच असतात, पण आई-वडिलांइतकी नसतात; ती सरासरीकडे थोडी सरकलेली असतात. फार बुटक्या आई-वडिलांच्या मुलांबाबत याच्या उलट घडते. या प्रवृत्तीला सरासरीकडे परतणे असे म्हणता येईल. कोणत्याही कामगिरीत कौशल्याचा एक भाग असतो आणि योगायोगाचा एक भाग असतो. अत्युच्च यश मिळते तेव्हा बहुधा दोन्ही भाग एकाच वेळी अनुकूल असतात. पुढच्या वेळी कौशल्य तेवढेच राहिले तरी योगायोग तेवढाच अनुकूल राहील, याची खात्री नसते. त्यामुळे दुसरी कामगिरी पहिलीपेक्षा उतरलेली दिसते आणि आपण तिचे कारण कलावंताच्या स्वभावात शोधू लागतो.

येथे निवडीचाही एक दोष आहे. 'दुसरा संग्रह कसा झाला' हा प्रश्न आपण ज्यांचा पहिला संग्रह गाजला त्यांनाच विचारतो. ज्यांचा पहिला पडला आणि दुसरा बरा निघाला, ते या चर्चेत येतच नाहीत.

अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००२ मध्ये मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी इस्रायली वायुदलातील प्रशिक्षकांचा एक अनुभव नोंदविला आहे. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, उत्तम उड्डाण केलेल्या शिकाऊ वैमानिकाची स्तुती केली की पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणाबद्दल रागावले की पुढचे सुधारते. म्हणून स्तुती घातक व शिक्षा हितकारक होय. काहनेमन यांच्या लक्षात आले की यात स्तुतीचा वा शिक्षेचा फारसा संबंध नसून सरासरीकडे परतण्याचा हा साधा परिणाम आहे.

या ठिकाणी एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी सांस्कृतिक विभागाचे काम पाहत असताना आमच्या विद्यार्थ्यांच्या समूहगीत चमूने विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पहिला क्रमांक पटकावला. मुले आसपासच्या खेड्यांतली होती, भजनी मंडळात वाढलेली. पुढच्या वर्षी त्याच मुलांना कोणताही क्रमांक मिळाला नाही. 'हवा डोक्यात गेली' असे शिक्षककक्षात बोलले गेले. बोलणाऱ्यांत मीही होतो आणि ते मुलांपर्यंत पोहोचले. तिसऱ्या वर्षी त्यांतील कोणीही निवड चाचणीला आले नाही. परीक्षक बदलले होते, प्रतिस्पर्धी चमू वाढले होते, मुख्य गायक मुलाचा आवाज त्या आठवड्यात बसला होता. यांपैकी कशाचाही विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता.

अर्थात संख्याशास्त्राने सारेच उलगडते असे मानणे हाही भाबडेपणा होईल. मँचेस्टरच्याच 'ओएसिस' या बँडचा पहिला संग्रह ऑगस्ट १९९४ मध्ये आला आणि तोवरच्या ब्रिटिश पदार्पणांत तो सर्वांत वेगाने खपला. दुसरा संग्रह अवघ्या चौदा महिन्यांत, ऑक्टोबर १९९५ मध्ये आला आणि जगभरात त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती गेल्या. गीतकार नोएल गॅलाघर याच्याजवळ गाण्यांची शिल्लक होती. ती सरली तेव्हा, १९९७ च्या तिसऱ्या संग्रहाच्या वेळी, टीकेचा सूर पालटला. अडचण दुसऱ्या क्रमांकाची नसून शिल्लक संपण्याची आहे, असे यावरून म्हणता येते. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला येथे भालचंद्र नेमाडे यांची आठवण होईल. 'कोसला' १९६३ मध्ये आली आणि 'बिढार' १९७५ मध्ये. बारा वर्षांचे हे अंतर ठेवण्याची मुभा लेखकाला असते. करारात बांधलेल्या बँडला ती क्वचितच मिळते.

मुंबईचा 'रॉक मशीन' :

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप थोडे निराळे दिसते. 'रॉक मशीन' हा बँड १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया ही त्यातील प्रमुख नावे. त्या काळी भारतीय बँड प्रामुख्याने पाश्चात्त्य गाण्यांच्या नकला सादर करीत आणि श्रोत्यांचीही तीच मागणी असे. 'रॉक मशीन'ने स्वतःची गाणी रचली आणि १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला संग्रह काढला. देशातील महाविद्यालयीन तरुणांच्या वर्तुळात त्याने जे स्थान मिळविले ते तोवर कोणत्याही भारतीय रॉक बँडला मिळाले नव्हते. दुसरा संग्रह १९९० मध्ये आला. त्याचे नाव 'द सेकंड कमिंग', म्हणजे दुसरे आगमन. चार वर्षांनी आलेल्या 'स्टोन रोझेस'च्या दुसऱ्या संग्रहाचे नावही जवळजवळ हेच होते. ख्रिस्ताच्या पुनरागमनाची धर्मकल्पना आणि संग्रहाचा क्रमांक यांवरची ही कोटी दोन खंडांत दोन बँडना सुचावी, ही गंमतच म्हणायची.

मात्र मुंबईच्या बँडपुढे मँचेस्टरसारखी परिस्थिती नव्हती. नभोवाणी व दूरदर्शन दोन्ही शासकीय होते आणि इंग्रजी रॉक संगीताला तेथे फारसा वाव नव्हता. खाजगी वाहिन्या नव्हत्या. उपग्रह वाहिन्यांवरून एमटीव्ही भारतात आले ते १९९१ मध्ये. बँडने १९९३ मध्ये आपले नाव 'इंडस क्रीड' असे बदलले. यंत्र गेले आणि सिंधू नदी आली. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या त्यांच्या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. नव्या नावाचा संग्रह १९९५ मध्ये आला, १९९७ मध्ये बँड थांबला, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह प्रसिद्ध झाला.

हा क्रम पाहिला की दुसऱ्या संग्रहाचे मूल्यमापन गुणवत्तेच्या आधारे करणे किती अपुरे आहे ते दिसून येते. गाणी श्रोत्यापर्यंत नेणारी माध्यमव्यवस्था निर्माण होण्यापूर्वी तो आला. 'द सेकंड कमिंग' दोन-तीन वर्षे आधी आला, असे म्हटले तर ते चूक ठरू नये.

'शाकुंतल' ते 'सौभद्र' :

पदार्पणातच लोकप्रियतेचा कळस गाठलेल्या गाणाऱ्या मंडळींचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील आहे. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३-१८८५) हे बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत ते नोकरीस होते. म्हणजे टॉम शोल्झप्रमाणेच नोकरी सांभाळून कलेचा उद्योग. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला. पूर्वी सूत्रधार गाई आणि पात्रे बोलत. येथे पात्रेच आपली पदे स्वतः गाऊ लागली. या एका प्रयोगापासून मराठी संगीत नाटकाच्या वैभवकाळाची सुरुवात मानली जाते.

आता दुसरे काय? रॉक बँडपुढचा प्रश्न दोन वर्षांतच किर्लोस्कर मंडळींपुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर 'संगीत सौभद्र' या रूपाने आले. दुसरी कृती पहिलीहून अधिक टिकाऊ ठरली. 'शाकुंतल'ला इतिहासात मान आहे, पण रसिकांच्या ओठांवर आणि रंगभूमीवर आजवर नांदले ते 'सौभद्र'. हे कसे साधले?

किर्लोस्करांनी यशाची नक्कल केली नाही. 'शाकुंतल' हे कालिदासाचे नाटक होते. त्याच जातीचे दुसरे संस्कृत नाटक मराठीत आणणे सोपे होते आणि कोणत्याही मंडळीच्या व्यवस्थापकाने तोच सल्ला दिला असता. त्यांनी महाभारतातील सुभद्राहरणाची कथा घेऊन स्वतःचे नाटक रचले आणि त्याला घरगुती वळण दिले. थोरला भाऊ एका ठिकाणी बहिणीचे लग्न ठरवतो, तिचे मन दुसरीकडे असते, धाकटा भाऊ कारस्थान करून गाठ जुळवून देतो. द्वारकेची मंडळी पुण्यातल्या वाड्यातली वाटावीत असा हा संसार आहे. पदांची संख्याही 'शाकुंतल'पेक्षा त्यांनी कमी ठेवली. चालींचा साठा मात्र आटला नाही, कारण तो एकट्या किर्लोस्करांचा नव्हताच. साकी, दिंडी, कामदा, लावणी, कीर्तनातील चाली, कर्नाटकातील चाली असा शेकडो वर्षांचा ठेवा त्यांच्या हाताशी होता. स्वतःच्या वहीत उरलेल्या गाण्यांवर विसंबणाऱ्या बँडपेक्षा त्यांची शिल्लक फार मोठी होती.

मंडळीत नवा आवाजही आला. बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर १८८२ मध्ये दाखल झाले आणि 'सौभद्र'तील सुभद्रा त्यांनी गाजविली. बाळकोबा नाटेकर व मोरोबा वाघोलीकर हे कसलेले गायक आधीपासून होतेच. पुष्कळदा असे दिसते की यशस्वी मंडळी स्वतःभोवती कुंपण घालतात. येथे दार उघडे राहिले.

परंतु मला सर्वांत लक्षणीय वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी 'सौभद्र'चा जो पहिला प्रयोग झाला तो संपूर्ण नाटकाचा नव्हता. पहिले तीन अंकच रंगभूमीवर आले. पाचही अंकांचे संपूर्ण नाटक १८८३ मध्ये झाले. अर्धवट कृती लोकांसमोर ठेवायची, कोणत्या पदाला 'वन्स मोअर' मिळतो, कोठे चुळबुळ होते ते पाहायचे आणि मग पुढे जायचे, ही सोय रंगभूमीने दिली. ध्वनिसंग्रहाला ती नाही. तो एकदा बाजारात गेला की त्यातील एक सूरही बदलता येत नाही आणि पहिल्या आठवड्याच्या विक्रीवर त्याचे भवितव्य ठरते. शिवाय 'सौभद्र' आले म्हणून 'शाकुंतल' बंद झाले नाही. दोन्ही नाटके आलटून पालटून होत राहिली. दुसऱ्या कृतीने पहिलीची जागा घ्यावी, अशी अपेक्षाच नव्हती.

तिसरे नाटक 'रामराज्यवियोग' १८८४ मध्ये आले. त्याचेही आरंभी तीनच अंक झाले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे निधन झाले आणि ते नाटक तेवढेच राहिले.

हीच रीत आपल्या काळात सलील कुलकर्णी व संदीप खरे यांच्या 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमात आढळते. तो २००३ मध्ये सुरू झाला. पुढे 'नामंजूर'सारखे संग्रह निघाले, पण कार्यक्रमाचे नाव तेच राहिले आणि आतली गाणी बदलत गेली. नवे गाणे जुन्या गाण्यांच्या सोबतीने रसिकांसमोर येई. ते एकट्याने परीक्षेला बसत नसे. आपल्याकडील कीर्तनकाराचाही हाच परिपाठ असतो. नवे आख्यान तो आधी लहान गावी लावून पाहतो, आणि पूर्वरंग मात्र लोकांच्या ओळखीचा ठेवतो.

या वर्षी निवड चाचणीपूर्वी नव्या समूहगीत चमूला, गाणे पुरे होण्याची वाट न पाहता, जेवढे झाले तेवढे ग्रंथालयाच्या व्हरांड्यात म्हणून दाखविण्यास सांगितले आहे. ऐकणाऱ्यांत इतर विद्यार्थी असतात, शिपाईमामा असतात, कधी एखादे सहकारी थांबतात. गेल्या वर्षीचे गाणेही मुले त्याच बैठकीत म्हणतात. दोन कडवी बसली आहेत. तिसऱ्याची चाल ढोलकीवाल्या मुलाला अजून पसंत नाही आणि ती त्याने दोनदा बदलली आहे.